इंडिकेटर बदला, पण मागच्याला दिसू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत बाइकला नवा लूक कसा द्यायचा यावर पानभर मजकूर आला होता तो वाचला. फोटो छान होते, सीट कव्हर, ग्रिप, आरसे सगळं ठीक, पण त्यातल्या एका चौकटीत लिहिलं होतं की कंपनीचे मोठे इंडिकेटर काढून छोटे एलईडी लावा, दोन वायरी जोडायच्या, अर्ध्या तासाचं काम आहे. ते वाचून मला राहवलं नाही म्हणून हे पत्र लिहितोय, लांबलंय थोडं पण पूर्ण वाचा ही विनंती. मी इंजिनिअर नाही, मेकॅनिकही नाही, वीसेक वर्षं रोज बाइक चालवणारा आणि गाडीची बारीकसारीक कामं स्वतः करणारा माणूस आहे, आणि हेच अर्ध्या तासाचं काम मी तीन वर्षांपूर्वी केलं होतं. त्याचं काय झालं ते आधी सांगतो.

मलाही ते लांब दांडीवरचे मोठे इंडिकेटर आवडत नव्हते, गाडी जुनाट दिसते असं वाटायचं. बोटाच्या पेराएवढे एलईडी आणले, वर काळपट स्मोक्ड काच. पुढचे हेडलाइटला चिकटून आणि मागचे नंबरप्लेटच्या दोन्ही बाजूंना बसवले, एकदम सुटसुटीत दिसायला लागलं सगळं. चालू केले तर धडाधड लुकलुकायला लागले, नेहमीपेक्षा दुप्पट स्पीडने. मला वाटलं बरंच आहे, लोकांचं लक्ष जाईल. मीटरमधला छोटा दिवा नीट लागत नव्हता, तेही मनावर घेतलं नाही.

मग एक दिवस संध्याकाळी पाचच्या सुमारास मी आणि धाकटा भाऊ चाललो होतो, तो मागे बसलेला. ऊन पाठीमागून येत होतं. रस्ता ओलांडून वळायचं होतं म्हणून आरशात बघितलं, इंडिकेटर दिला, स्पीड कमी केला आणि हळूहळू मध्याकडे सरकलो, म्हणजे जसं शिकवतात अगदी तसं. मागची कार नेमकी त्याच बाजूने ओव्हरटेक करायला निघाली. ब्रेकचा आवाज आला, तिचा आरसा माझ्या हँडलला लागला आणि आम्ही आडवे. मला खरचटलं, भावाचं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर.

कारवाले गृहस्थ वयाने मोठे होते, पळून गेले नाहीत, लगेच उतरून आले. म्हणाले, "अहो, वळणार होतात तर सिग्नल तरी द्यायचा." मी भडकलो. म्हटलं काका, बघा ना, अजून चालू आहे. गाडी उचलून उभी केली होती, इंडिकेटर खरंच चालू होता. ते मागच्या बाजूला जाऊन वाकले, नीट बघत राहिले, मग त्यांनी त्या इंडिकेटरवर तळहात आडवा धरून सावली केली आणि म्हणाले, "हां, आता दिसतोय." मी पण जाऊन बघितलं. हात काढला की नुसती काळी काच, हात धरला की आत बारीक पिवळं लुकलुकतंय. त्या माणसाची काय चूक होती सांगा. मी माझ्या समजुतीत सिग्नल दिला होता, पण त्याला तो मिळालाच नव्हता.

नंतर भाऊ प्लास्टर घालून घरी होता तेव्हा मी गाडी उन्हात लावली, त्याला स्विचपाशी उभं केलं आणि पंचवीस पावलं मागे गेलो. म्हटलं दाब. तो म्हणाला, "दाबलाय की दादा." म्हटलं दुसरी बाजू दाब. म्हणाला, "अरे दोन्ही करून झाले, तू बघतोयस कुठे?" तेव्हा मला पोटात कसंतरी झालं. मग फूटपट्टी लावली, मागच्या दोन इंडिकेटरच्या आतल्या कडांमध्ये जेमतेम ११० मिलिमीटर अंतर होतं.

तेव्हापासून या विषयातलं मिळेल ते वाचलं, मॅन्युअल बघितले, दोन-तीन चांगल्या इलेक्ट्रिशियन लोकांच्या शेजारी बसून काम बघितलं, आणि आमच्या ओळखीतल्या पाच-सहा गाड्यांचे इंडिकेटर नीट करून दिले. छोटे इंडिकेटर लावूच नका असं मी म्हणत नाहीये हे आधीच सांगतो. एलईडी चांगली गोष्ट आहे, साध्या बल्बची तार तापून पूर्ण उजळायला वेळ घेते, एलईडी बटण दाबताक्षणी पूर्ण पेटतो, करंट कमी घेतो, हादऱ्याने फिलामेंट तुटायचा प्रश्न नाही. लावा, पण ज्याच्यासाठी लावतोय त्याला दिसतोय का ते बघून लावा, माझं म्हणणं एवढंच आहे.

आता ते धडाधड लुकलुकण्याचं. बऱ्याच जणांना वाटतं माल खराब आहे, म्हणून बदलून आणतात, परत तेच होतं. कारण इंडिकेटरमध्ये नाहीच, रिलेमध्ये आहे, म्हणजे इंडिकेटरचा करंट चालू-बंद करून तो लुकलुकवणारी जी छोटी डबी असते तिच्यात. मोटरसायकलचे साधे इंडिकेटर बल्ब बहुतेक करून १० वॅट किंवा २१ वॅटचे असतात. २१ वॅटचा एक बल्ब १२ व्होल्टला पावणेदोन अँपिअर घेतो, म्हणजे एका बाजूचे पुढचा-मागचा मिळून साडेतीन. कंपनीचा रिले या करंटच्या हिशोबाने बनवलेला असतो. आणि यात एक शहाणपणाची सोय असते जी आपल्याला माहीतच नसते, की एखादा बल्ब उडाला तर करंट निम्मा होतो आणि लुकलुकण्याचा वेग बदलतो, मग चालवणाऱ्याला समोर बघूनच कळतं की मागे काहीतरी गेलंय. छोटा एलईडी इंडिकेटर एक-दोन वॅटमध्ये भागवतो, दोन मिळून पाव अँपिअर पण जेमतेम. त्यामुळे रिलेला वाटतं बल्ब उडालेत आणि तो धडाधड मारायला लागतो. जुन्या पद्धतीचा, आत तापून वाकणारी पट्टी असलेला रिले असेल तर उलटं होतं, पट्टी पुरेशी तापतच नाही, मग इंडिकेटर नुसता पेटून राहतो, लुकलुकत नाही. म्हणजे माझी गाडी मला पहिल्या दिवसापासून ओरडून सांगत होती की काहीतरी चुकलंय आणि मी समजत होतो लक्ष वेधलं जातंय.

आंतरराष्ट्रीय नियमांमध्ये लुकलुकण्याचा वेग मिनिटाला ९०, त्यात ३० कमी-जास्त, म्हणजे ६० ते १२० च्या मध्ये पाहिजे. घड्याळ लावून पंधरा सेकंद मोजा, १५ ते ३० च्या मध्ये आलं पाहिजे. त्याच्यापेक्षा जास्त वेगाने लुकलुकणारा दिवा मागच्याला इंडिकेटर वाटतच नाही, कुठेतरी लूज कनेक्शन आहे असं वाटतं.

यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे रेझिस्टर लावायचा. लोक तेच लावतात कारण सोपं वाटतं. प्रत्येक बाजूच्या वायरला समांतर एक रेझिस्टर जोडला की तो बल्बएवढा करंट खातो आणि जुना रिले फसतो. पण तो करंट जातो कुठे? उष्णता होऊन जातो. १० ओहमचा रेझिस्टर गाडी चालू असताना, म्हणजे १४ व्होल्टला, जवळजवळ २० वॅट घेतो, छोटं सोल्डरिंग आयर्न साधारण २५ चं असतं त्यावरून अंदाज करा. लुकलुकताना निम्मा वेळ बंद असतो म्हणून निभावतं, पण गाडी कडेला लावून चारही इंडिकेटर चालू ठेवलेत, अर्धा तास गेला, तर काय होईल? मी एका गाडीचं साइड पॅनल काढलं तेव्हा रेझिस्टर पॅनलला डबल टेपने चिकटवलेला होता, प्लास्टिकला बोटाएवढा खड्डा पडला होता आणि बाजूच्या वायरीचं आवरण वितळून आतलं तांबं दिसत होतं. शेजारीच पेट्रोलचा पाइप. रेझिस्टर लावायचाच असेल तर धातूच्या भागाला स्क्रूने घट्ट बसवा, प्लास्टिक आणि वायरी लांब ठेवा. आणि एलईडी लावून जो करंट वाचवला तो सगळा परत रेझिस्टरला दिला हेही लक्षात घ्या.

दुसरा उपाय म्हणजे रिलेच बदलायचा, माझं मत विचाराल तर हाच करावा. लोडवर अवलंबून नसलेला इलेक्ट्रॉनिक रिले मिळतो, एलईडी लावा नाहीतर बल्ब, त्याचा वेग तोच राहतो. जुना रिले शोधायची सोपी युक्ती म्हणजे इंडिकेटर चालू करून सीटखाली किंवा हेडलाइटच्या मागे हात फिरवा, टिकटिक बोटाला जाणवते. त्याच्या पिना बघा, दोन असतील तर बी आणि एल लिहिलेलं असतं, बी म्हणजे बॅटरीकडून येणारी, एल म्हणजे स्विचकडे जाणारी, तिसरी असेल तर ती ई म्हणजे अर्थ, गाडीच्या धातूच्या सांगाड्यातून करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जायची वाट. काही रिलेवर अक्षरांऐवजी ४९, ४९ए आणि ३१ असे आकडे असतात, ४९ आत येणारा, ४९ए बाहेर जाणारा, ३१ अर्थ. नवा रिले तेवढ्याच पिनांचा घ्या, आणि बसवल्यावर काहीच झालं नाही तर घाबरू नका, या रिलेना प्लस-मायनस कळतं, सॉकेटमध्ये दोन वायरी उलट असल्या तर ते गप्प बसतात. काही नव्या गाड्यांमध्ये मात्र वेगळा रिलेच नसतो, सगळं कंट्रोल युनिटमधून चालतं, तिथे घरी प्रयोग करू नका, वायर तोडली की मीटरवर बल्ब गेल्याची वॉर्निंग येते आणि ती घालवायला परत माणूस शोधावा लागतो.

रिले बदलल्यावर एक गोष्ट हातची जाते, ती कोणी सांगत नाही. मघाशी म्हटलं ना, बल्ब उडाला की वेग बदलून कळायचं, ते आता कळत नाही. नवा रिले मागचा एलईडी मेला तरी आपला त्याच वेगाने टिकटिक करत राहतो. म्हणून गाडी काढताना एकदा दोन्ही बाजू लावून, उतरून, पुढून-मागून बघायची सवय लावा. मी रोज बघतो, दहा सेकंद लागतात.

मग येतो मीटरमधला दिवा, आणि इथे बहुतेक लोकांचं डोकं फिरतं. रिले बदलला, वेग बरोबर आला, पण एका बाजूचा इंडिकेटर दिला की चारही लागतात! माझ्या एका मित्राने यासाठी तीन वेळा वायरिंग उघडलं आणि शेवटी तसाच चालवत होता, म्हणजे तो कुठे वळणार हे देवालाच माहीत. कारण असं आहे की बऱ्याच गाड्यांमध्ये मीटरवर दोन्ही बाजूंसाठी एकच दिवा असतो, तो डाव्या आणि उजव्या वायरच्या मध्ये जोडलेला असतो, त्याला स्वतंत्र अर्थ नसतो. डावी बाजू चालू झाली की करंट त्या दिव्यातून उजव्या बाजूच्या बल्बमधून अर्थ गाठतो. उजवीकडे २१ वॅटचे बल्ब असतात तोपर्यंत एवढ्याशा करंटने ते पेटत नाहीत, फक्त वाट देतात. तिथे एलईडी आले की तेवढाच करंट त्यांना पेटायला पुरतो. उपाय एकदम साधा आहे, दोन डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारे छोटे भाग. डाव्या वायरवरून एक आणि उजव्या वायरवरून एक, १एन४००७ सारखे साधे चालतात, दोन्हीची चांदीच्या पट्टीची बाजू एकत्र करून मीटरच्या दिव्याच्या एका टोकाला, आणि दिव्याचं दुसरं टोक अर्थला. करंट दोन्हीकडून दिव्यात येऊ शकतो पण पलीकडच्या बाजूला जाऊ शकत नाही.

मीटरचा दिवा नीट चालणं का महत्त्वाचं आहे ते पण सांगतो, कारण "मला माहितीये ना मी इंडिकेटर दिलाय" म्हणून लोक सोडून देतात. कारमध्ये स्टिअरिंग सरळ झालं की इंडिकेटर आपोआप बंद होतो, बहुतेक बाइकमध्ये ते काम अंगठ्यानेच करावं लागतं. बरेच नवे रिले आवाज करत नाहीत, मीटरचा दिवा पण नाही, म्हणजे वळून झाल्यावर चालूच राहिला तरी आपल्याला पत्ता नसतो. पुढे बाजूच्या रस्त्यावर एक कार थांबलेली असते, तो बघतो, बाइकवाला आत वळतोय, आणि तो बाहेर येतो. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या टीमने लॉस एंजेलिस भागात मोटरसायकल अपघातांचा मोठा अभ्यास केला होता, १९८१ साली त्याचा रिपोर्ट आला, जवळपास ९०० अपघात त्यांनी जागेवर जाऊन तपासले. त्यात दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरींपैकी दोन तृतीयांश वेळा त्या दुसऱ्या वाहनाने मोटरसायकलचा हक्काचा रस्ता अडवला होता, आणि नेहमीचं कारण हेच की बाइक दिसली नाही किंवा वेळेत दिसली नाही. आपण आधीच कमी दिसतो हो. त्यात आहे तो सिग्नल आणखी बारीक करायचा किंवा चुकीचा सिग्नल देत जायचं, हे कसं चालेल?

वायरीबद्दल तुमच्या चौकटीत "दोन वायरी जोडा" एवढंच होतं. कुठल्या दोन? जपानी गाड्यांचंच घ्या. होंडात साधारण केशरी म्हणजे डावा, फिकट निळा म्हणजे उजवा आणि हिरवी वायर अर्थ. यामाहात गडद हिरवी म्हणजे उजवा, चॉकलेटी डावा, अर्थ काळी. कावासाकीत हिरवी डावा, करडी उजवा, अर्थ काळी-पिवळी. सुझुकीत काळी डावा, फिकट हिरवी उजवा, अर्थ काळ्यावर पांढरी रेघ. म्हणजे हिरवी वायर बघून एकाच्या अनुभवावर दुसऱ्याने जोडली तर कुठे अर्थ, कुठे डावा, कुठे उजवा. मॉडेलप्रमाणे यातही फरक असतो, म्हणून आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधला वायरिंग डायग्राम बघायचा आणि टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर लावून खात्री करायची, रंगावर भरवसा ठेवायचा नाही. त्याच्या आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढून ठेवायचं. साध्या बल्बला वायरी उलट झाल्या तरी फरक पडत नाही, एलईडीला पडतो, उलट जोडला तर पेटत नाही, तेव्हा "माल खराब" म्हणायच्या आधी वायरी बदलून बघा. काही गाड्यांमध्ये पुढच्या इंडिकेटरला तीन वायरी असतात, तिसरी पार्किंग लाइटची, ती नव्यात नसेल तर टोक नीट बंद करून ठेवा, उघडी लोंबत ठेवू नका.

आणि कृपा करून वायर सोलून, पिळून, वर काळी टेप असलं काम करू नका. पहिला महिना चालतं. मग इंजिनच्या गरमीने टेपचा डिंक पातळ होतो, टेप सरकते, पाणी जातं, तांबं हिरवं पडतं. मी नुसतं बोट लावल्यावर सुटलेले जोड बघितलेत. बुलेट कनेक्टर क्रिंप करा, म्हणजे पकडीने दाबून घट्ट बसवा, वर हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी चढवा, म्हणजे पुढे कधी इंडिकेटर तुटला तर वायर न कापता काढता येतो. कंपनीचा सॉकेट कापूच नका, त्यात बसणारी अडॅप्टर वायर मिळते. सोल्डर करणार असाल तर जोडाच्या दोन्ही बाजूंनी वायरला आधार द्या, कारण सोल्डर जिथे संपतं तिथे वायर कडक होते आणि हादऱ्याने नेमकी तिथेच तुटते. सगळं झाल्यावर हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा, वायर ताणतेय का, कुठे अडकतेय का. मागच्या बाजूला दोन माणसं बसवून बघा, शॉकअप दबल्यावर टायर मडगार्डच्या किती जवळ येतो ते कळेल, तिथून वायर गेली असेल तर ती घासणारच.

अर्थचं पण तसंच. जुने इंडिकेटर काही वेळा आपल्या लोखंडी दांडीतूनच अर्थ घेतात, गंज आला की मिणमिणतात. नव्यांना वेगळी अर्थ वायर असते, ती चेसिसला जिथे रंग खरवडून साफ धातू दिसतोय तिथे, किंवा मूळ अर्थच्याच वायरला जोडा.

आता अंतर, माझ्या भावाचं मनगट ज्याने मोडलं ते. मागून येणारा माणूस इंडिकेटर ओळखतो कसा? टेललाइटच्या कुठल्या बाजूला लुकलुकतंय यावरून. दोघांमध्ये अंतरच नसेल तर रात्री टेललाइटच्या उजेडात पिवळा दिवा बुडून जातो, ब्रेक लागला की तर विचारूच नका. संयुक्त राष्ट्रांच्या मोटरसायकल दिव्यांच्या नियमात, ज्याला ईसीई आर ५३ म्हणतात, पुढच्या इंडिकेटरच्या आतल्या कडांमध्ये किमान २४० मिलिमीटर आणि मागच्यांमध्ये १८० मिलिमीटर मागितलेत, उंची जमिनीपासून ३५० ते १२०० मिलिमीटरच्या मध्ये. अमेरिकेचा नियम मध्यापासून मध्यापर्यंत मोजतो, पुढे १६ इंच आणि मागे ९ इंच. म्हणजे मोजायची पद्धत वेगळी, पण दोन्हीकडे एकच गोष्ट ओळखलेली आहे की दोन दिवे लांब पाहिजेत. ती कंपनीची "जुनाट" दांडी यासाठी असते. मी तिला निरुपयोगी समजून कापून टाकली होती.

हेडलाइटच्या जवळ लावलेल्या पुढच्या इंडिकेटरचं पण तसंच होतं, म्हणून नियमात जेवढा हेडलाइट जवळ तेवढा इंडिकेटर प्रखर पाहिजे असं ठेवलंय. आणि कोन बघा. फक्त सरळ मागून दिसून भागत नाही, बाहेरच्या बाजूला ८० अंशांपर्यंत आणि आतल्या बाजूला २० अंशांपर्यंत दिसला पाहिजे. बारीक एलईडीत बऱ्याच वेळा एकाच दिशेला झोत असतो, समोर उभं राहिलं तर डोळे दिपतात, दोन पावलं बाजूला सरकलं की अंधार. दुकानात हातात धरून बघताना आपण सगळे सरळ त्याच्याकडे बघतो आणि म्हणतो वा, काय उजेड आहे. तिरकं धरून बघा. बसवल्यावर नट थोडा ढिला राहिला आणि इंडिकेटर जमिनीकडे किंवा आकाशाकडे वळला तरी तेच होणार, रबरी दांडी मऊ पडली तरी तेच.

काचेवर वर्तुळात ई आणि एक आकडा असतो, तो मंजुरीचा शिक्का, आकडा मंजुरी देणाऱ्या देशाचा. मोटरसायकलसाठी तपासलेल्या दिव्यावर ११ किंवा १२ पण असतं, ११ पुढचा, १२ मागचा. हे बघून घ्या आणि १२ वाला पुढे लावू नका. स्मोक्ड काच सरळ टाळा, निम्मं दुखणं तिथेच आहे. पिवळ्या काचेमागे पांढरा बल्ब किंवा पांढरा एलईडी टाकणारे पण बघितलेत, बराचसा उजेड काचच खाते. आणि पिवळा एलईडी गरम झाला की त्याचा उजेड चांगलाच कमी होतो, काळ्या बारीक डब्यात, भर उन्हात, म्हणजे नेमका जेव्हा जास्त उजेड पाहिजे तेव्हाच. म्हणून रात्री घरासमोर चालू करून "मस्त दिसतोय" म्हणण्याला काही अर्थ नाही. भर दुपारी, ऊन थेट काचेवर पडेल अशी गाडी लावायची, पंचवीस पावलं मागे जायचं, सरळ बघायचं, मग दोन्ही बाजूंना तिरकं जाऊन बघायचं, मग टेललाइट आणि ब्रेक चालू ठेवून हेच रात्री करायचं. नाही दिसला तर परत खोलायचा, कितीही आवडलेला असो.

दुचाकीवर इंडिकेटर आला तो काही हौस म्हणून नाही. आधी लोक हातच दाखवायचे, कारला लुकलुकणारे इंडिकेटर ब्यूकने १९३९ च्या मॉडेलमध्ये दिले, अमेरिकेत मोटरसायकलला ते सक्तीचे झाले १९७३ पासून. क्लच किंवा ब्रेक सोडून हात बाहेर काढायला लागू नये म्हणून ही सोय आली.

संपादक साहेब, माझी विनंती एवढीच आहे. तुमचा पेपर पोरं वाचतात, त्यातलं बघून काम करतात, तुम्ही छापलंत म्हणजे बरोबर असणार असं धरून चालतात. पुढच्या पुरवणीत त्या चौकटीच्या जागी दुसरी चौकट टाका, त्यात रिले, अंतर, शिक्का आणि उन्हातली तपासणी एवढं तरी येऊ द्या, जमलं तर एखाद्या चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून पूर्ण लेख लिहून घ्या. इंडिकेटर बनवणाऱ्या आणि विकणाऱ्यांना पण तुमच्यामार्फत सांगणं आहे की पाकिटावर किती वॅट, रिले बदलावा लागेल का, प्लसची वायर कुठली आणि पुढचा की मागचा हे मराठीत छापा. माझ्या पाकिटावर फक्त गाडीचा चकचकीत फोटो होता.

माझ्या गाडीला आता परत एलईडीच आहेत, पण मोठ्या साफ काचेचे, दांडीसकट, मागे २२० मिलिमीटर अंतर ठेवून. सोबत दोन फोटो जोडतोय, दोन्ही पंचवीस पावलांवरून दुपारी काढलेले, एका फोटोत ते काढून टाकलेले छोटे इंडिकेटर तात्पुरते परत लावलेत आणि दुसऱ्यात आत्ताचे, दोन्ही फोटोंत इंडिकेटर चालू आहे. स्विच भावानेच धरलाय. छापायला घेतलेत तर शेजारी शेजारी घ्या.

आपला,
एक नियमित वाचक